फॉरमॅट मारायचा नाही!

काही माणसांचं नाव सोसायटीच्या पाटीवर एक असतं आणि लोकांच्या फोनमध्ये भलतंच. आमच्या इमारतीतले हे गृहस्थ बहुतेकांच्या फोनमध्ये ‘कॉम्प्युटर काका’ आहेत. एका घरी ते ‘काका पीसी’ आहेत आणि त्याच्या वरच्या ओळीत ‘काका गॅस’ असल्यामुळे कधीकधी सिलिंडरची चौकशी त्यांच्याकडे होते. त्यांना यात कमीपणा वाटत नाही. ‘किती वाजता संपला?’ असं विचारून ते त्यातही लक्ष घालतात.

कॉम्प्युटर नुसता बिघडला तर काकांना फारसा रस नसतो. माऊस चालत नाही, प्रिंटरमध्ये कागद अडकला, असल्या तक्रारी ते जिन्यातच निकालात काढतात. पण ‘काल रात्री अपडेट झालं आणि सकाळपासून सुरूच होत नाही’ हे वाक्य कानावर पडलं की त्यांचा चेहरा उजळतो. हातातला पेपर घडी होतो, चष्मा बदलतो, आणि ‘कुणी हात लावू नका, मी आलो’ असं म्हणून ते सदरा चढवायला आत जातात. बनियनवर ते कधीच जात नाहीत. पेशंटकडे जाताना कपडे नीट हवेत, असं त्यांचं मत आहे.

काका इंजिनिअर नाहीत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. 1984 साली रंगराजन समितीनं बँकांमध्ये यंत्रं आणायची शिफारस केली आणि कर्मचारी संघटना खवळल्या, त्या काळात काका तरुण होते आणि शाखेच्या दारात संगणकाविरुद्ध घोषणा देण्यात आघाडीवर होते. पुढे शाखेत एएलपीएम नावाचं खातेवह्या लिहिणारं यंत्र आलं, तेव्हा मॅनेजरनं त्याच्यासमोर नेमकं काकांनाच बसवलं. जो सगळ्यांत मोठ्यांदा ओरडतो त्याच्याच ताब्यात वस्तू द्यायची, ही त्या मॅनेजरची हुशारी. काका बसले ते निवृत्त होईपर्यंत उठले नाहीत. विरोध मात्र त्यांनी अधिकृतपणे कधी मागे घेतला नाही. मशीन अडलं की आजही ते आधी समाधानानं मान हलवतात.

त्यांची सामग्री रेक्झिनच्या जुन्या पाकिटात असते. तीन पेनड्राइव्ह, प्रत्येकावर डिंकानं चिकटवलेली चिठ्ठी. फुलीचा एक बारीक स्क्रू ड्रायव्हर. घड्याळाच्या सेलसारखा दिसणारा, पण मदरबोर्डची तारीख-वेळ सांभाळणारा 2032 नंबरचा सेल. दातांचा जुना ब्रश. आणि पांढरं खोडरबर. हे खोडरबर पाहून नवखे लोक हसतात. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले आणि पट्टी परत खटकन बसवली की अनेक मेलेले कॉम्प्युटर उठतात, हे लॅमिंग्टन रोडवरचा कुठलाही पोऱ्या सांगेल. काका तर अपडेटनं अडलेल्या मशीनचीही रॅम घासतात. तिचा इथे काही संबंध नसतो. पण दवाखान्यात गेल्यावर आधी वजन करतात, तसं ते आहे.

अपडेटचं पंचांग त्यांना पाठ आहे. विंडोजचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. त्यामुळे त्याचा प्रसाद आपल्याला बुधवारी मिळतो. काकांच्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयात काकू संकष्टीला निळा गोल करतात आणि काका दुसऱ्या मंगळवारला लाल. 10 जानेवारी 2023 ला अंगारकी आणि दुसरा मंगळवार एकाच दिवशी आले, दोन्ही गोल एकमेकांवर बसले, आणि त्याच दिवशी विंडोज 8.1 चा आधारही कायमचा संपला. त्या रात्री चंद्रोदयाला काकूंचा उपवास सुटला आणि साडेअकराला काकांचे अपडेट. एवढा मोठा योग पुन्हा कधी, हे ते अजून शोधताहेत.

या माणसाची खरी परीक्षा प्रश्न विचारण्यात असते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडचा प्रसंग सांगतो. वहिनी महिला मंडळाच्या खजिनदार. सगळा हिशेब त्यांच्या लॅपटॉपवर, आणि दुसऱ्या दिवशी सभा.

“वहिनी, काय केलंत?”

“काही म्हणजे काहीच केलं नाही हो भाऊजी. रात्री बंद करायला गेले तर ते म्हणालं अपडेट करतोय, बंद करू नका. मी नाही केला बंद.”

“मग?”

“मग तीस टक्क्यांवर बराच वेळ अडकलं.”

“मग?”

“मग मी झोपायला गेले.”

“आणि बटण?”

वहिनींनी पदर सारखा केला. “बटण यांनी दाबलं.”

‘हे’ तोवर गॅलरीत कुंडीतली माती उकरायला निघून गेले होते. काका रागावले नाहीत. कुणीही काहीही केलेलं नसतं, हे ते बँकेपासून जाणून आहेत. रोख कमी भरली तेव्हाही काउंटरवर कुणी काहीच केलेलं नसायचं.

यानंतर काका पडद्यासमोर बसतात, आणि इथे त्यांचं वेगळेपण दिसतं. तुम्ही-आम्ही पडद्यावर काय लिहिलंय ते वाचत नाही. लाल अक्षरं दिसली की ‘काहीतरी एरर आलाय’ म्हणून मोकळे होतो. काका वाचतात. अंगठा खाली सरकवत, ओठ हलवत, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मग तोच मजकूर वहीत उतरवतात. फिरणाऱ्या ठिपक्यांचं वर्तुळ असेल तर हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत बसतात. त्यांच्या मते निम्मी मशीनं अपडेटनं मरत नाहीत. अपडेट चालू असताना घरातल्या माणसांचा धीर सुटतो, त्यानं मरतात. काकांना ते वर्तुळ तासभर बघता येतं. त्या तासात मात्र तुम्हाला काकांना ऐकावं लागतं, आणि त्यांच्या फीचा तो मुख्य भाग आहे. पैसे ते घेत नाहीत.

ऐकवण्यातलं हमखास प्रकरण म्हणजे 19 जुलै 2024, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या फाल्कन नावाच्या सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि साधारण पंच्याऐंशी लाख विंडोज मशीनं निळा पडदा दाखवून पडली. हा आकडा खुद्द मायक्रोसॉफ्टनं दिला. “आपल्या घड्याळात सकाळी नऊ एकोणचाळीसला सुटली,” काका सांगतात, “दहा सत्तावन्नला मागे घेतली. अठ्ठ्याहत्तर मिनिटं! पण तोवर जी मशीनं पडली ती पडली. फाइल मागे घेऊन उपयोग काय? मशीन सुरूच होत नाही तर ते ऐकणार कुठून?” मग आवाज खाली येतो. “प्रत्येक मशीनपाशी माणूस जावा लागला. सेफ मोडमध्ये जायचं, सी आणि पाच शून्यं, मग दोन-नऊ-एक अशा नावाची फाइल शोधायची आणि उडवायची. एकेक करून. हातानं.”

हे ‘हातानं’ ते अशा काही तृप्तीनं म्हणतात की समोरच्याला वाटावं, ती पंच्याऐंशी लाख मशीनं यांनीच उठवली. विमानतळांवर रांगा लागल्या, हैदराबादला हातानं लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो देशभर फिरला. तो फोटो काकांनी मोठा करून बघितला आणि अक्षर पाहून ‘आमच्या लेजरला हे चाललं नसतं’ असा शेरा मारला. त्यांना खंत एकच. ते फाल्कन असतं कंपन्यांच्या मशीनांवर, घरच्या नाही, त्यामुळे आख्ख्या इमारतीत त्या दिवशी एकही कॉम्प्युटर पडला नाही. काका सदरा घालून दुपारपर्यंत तयार होते.

निळ्या पडद्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज 11 चा तो प्रसिद्ध निळा पडदा काळा केला, रडका चेहरा काढला, मजकूर आटोपशीर केला. काकांनी याचं सुतक पाळलं. “निळा होता तेव्हा दारातून दिसायचा,” ते म्हणाले. “आता काळा पाहून कळत नाही, मशीन मेलंय की झोपलंय.”

वहिनींच्या लॅपटॉपकडे परत येऊ. काकांची पद्धत ठरलेली आहे. आधी जोडलेल्या सगळ्या वस्तू काढायच्या: पेनड्राइव्ह, प्रिंटर, मोबाइलची वायर. पॉवरचं बटण दाबून धरायचं, बंद होऊ द्यायचं, परत चालू. सुरू होता होता दोन-तीनदा अडलं की मशीन आपणहूनच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथे दोन पर्याय असतात. क्वालिटी अपडेट म्हणजे महिन्याचं लहान, फीचर अपडेट म्हणजे वर्षाकाठी येणारं मोठं. मोठं परत काढायला साधारण दहा दिवसांचीच मुदत मिळते. ‘दहाव्या दिवसानंतर आपल्या हातात काही राहत नाही’ हे वाक्य काका ज्या स्वरात म्हणतात, त्यानं घरातली म्हातारी माणसं उठून आत जातात.

या टप्प्यावर वहिनींचे पुतणे आले. त्यांच्या ओळखीचा दुकानातला मुलगा फोनवर होता आणि स्पीकरवरून म्हणाला, “काकू, टेन्शन नका घेऊ. फॉरमॅट मारतो. अर्ध्या तासात मक्खन.”

काका खुर्चीतून उठले. ‘फॉरमॅट मारणे’ हा त्यांच्या दृष्टीनं गुन्हा आहे. खातं जुळत नाही म्हणून खातेवही जाळण्याची भाषा हा पोरगा करतो, असं त्यांना वाटतं. आणि या बाबतीत मी पूर्णपणे काकांच्या बाजूचा आहे. अपडेटनं अडलेल्या मशीनमधला माल बहुतेक वेळा जागच्या जागी शाबूत असतो, नुसती वाट बंद झालेली असते. दुकानदाराला त्या मालाशी कर्तव्य नसतं. त्याला संध्याकाळपर्यंत टेबल मोकळं करायचं असतं. नातवाच्या बारशाचे फोटो, मंडळाचा सात वर्षांचा हिशेब, कुणाचं अर्धवट आत्मचरित्र, हे सगळं त्या अर्ध्या तासात मक्खन होतं. “फॉरमॅट मारायचा नाही!” काका फोनकडे बोट दाखवून म्हणाले, आणि वहिनींनी घाईघाईनं फोन बंद केला.

अनइन्स्टॉलवर बोट ठेवल्यावर पडद्यानं किल्ली मागितली. बिटलॉकरची, अठ्ठेचाळीस आकडी.

“कसली किल्ली?” वहिनी म्हणाल्या. “मी तर कुलूप लावलंच नाही.”

त्यांचं खरं होतं. विंडोज 11 च्या अलीकडच्या आवृत्तीत नवं मशीन मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सुरू केलं की डिस्कला कुलूप आपोआप लागतं आणि त्याची किल्ली त्या खात्यात जाऊन पडते. चोरानं लॅपटॉप नेला तर आतलं त्याला वाचता येऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. पण घरच्या माणसाला आपल्याच घराला कुलूप आहे हे पहिल्यांदा कळतं ते दार अडल्यावर. खातं होतं न्यू जर्सीतल्या मुलाचं, कारण लॅपटॉप त्यानं आणून चालू करून दिला होता. तिकडे दुपार होती. तो ऑफिसच्या कॅन्टीनमधून बोलला.

“काका, नमस्कार. पाठवू का व्हॉट्सॲपवर?”

“पाठवू नकोस. वाच.” काकांना वाचून हवी होती. वहिनी लिहायला बसल्या. आठ गट, प्रत्येकात सहा आकडे. मुलगा इंग्रजीत एकेक आकडा सांगत होता, वहिनी मराठीत पुटपुटत उतरवत होत्या, पुतणे मध्येमध्ये ‘फाइव्ह की नाइन?’ करत होते. चौथ्या गटाशी काका म्हणाले, “थांबा. हा चुकला.”

कागदावर होतं 135759.

“टाइप तरी करून बघू,” पुतणे म्हणाले.

“करायची गरज नाही. पहिला, तिसरा, पाचवा: एक, पाच, पाच, अकरा. दुसरा, चौथा, सहावा: तीन, सात, नऊ; एकोणीस. फरक आठ. अकरानं भाग जात नाही.” काकांनी चष्मा वर केला. “या किल्लीच्या प्रत्येक गटाला अकरानं भाग जातोच. तशीच बनवलेली असते, लिहिताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून. बाळ, शेवटचे दोन आकडे पुन्हा सांग. उलटे झालेत का?”

न्यू जर्सीतून क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग, “हो काका. नाइन, फाइव्ह.”

135795. पंधरा आणि पंधरा.

बँकेत दिवस संपताना ताळा लागला नाही, तर फरकाला नवानं भाग जातो का ते आधी बघत. गेला, तर कुठेतरी दोन आकडे उलटसुलट झालेत असं समजायचं आणि त्या वाटेनं शोधायचं. छत्तीस रुपयांच्या फरकासाठी काकांनी तरुणपणी शाखेत रात्री काढल्या आहेत. नवाच्या जागी अकरा आले, एवढाच त्यांच्या लेखी चाळीस वर्षांतला बदल. कॉम्प्युटरचं त्यांचं ज्ञान खरं म्हणजे बेताचंच आहे. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ते वहीत बघून अक्षरं मारतात, आणि चेकडिस्क कशासाठी हे विचारलं तर ‘असू दे, चालू दे’ म्हणतात. पण आकडा चुकला की त्यांना झोप लागत नाही, आणि या कामाला तेवढं पुरतं.

अपडेट निघालं. वर्तुळ फिरलं, पडदा काळा झाला, वहिनींनी देवाचं नाव घेतलं, आणि मग नातवाचा वॉलपेपर आला. सगळे हुश्श झाले. काका मात्र जरा हिरमुसले. मशीन सुरू झालं की त्यांना एकदम घरी जावंसं वाटत नाही. ते डेस्कटॉपवरच्या फाइली आवरतात, ‘हे तीन अँटिव्हायरस कशाला?’ म्हणून दोन काढून टाकतात, ‘नवीन फोल्डर 14’ मध्ये काय आहे ते उघडून बघतात, आणि वहिनींच्या बहिणीच्या सहलीचे फोटो पाहून कोकणात राहायला कुठे चांगलं यावर दोन शब्द सांगतात. चहाचा दुसरा कप याच वेळात होतो.

बी विंगमधल्या इंजिनिअरिंगच्या मुलाशी त्यांचं जुनं वैर आहे. तो लिनक्सवाला. ‘आमच्याकडे असं होत नाही, आणि झालं तर सुरुवातीच्या यादीतून मागचा कर्नल निवडायचा, की चालू,’ असं तो लिफ्टमध्ये ऐकवतो. हे बऱ्यापैकी खरंही आहे; नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नडला तर जुना तिथेच ठेवलेला असतो, ही सोय मोठी शहाणपणाची. पण काकांनी 2024 चा ऑगस्ट जपून ठेवला आहे. त्या महिन्यातल्या विंडोज अपडेटनंतर एकाच मशीनवर दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्या पुष्कळ लोकांचं लिनक्स सुरू होईना, आणि पडद्यावर मजकूर यायचा, ‘काहीतरी भयंकर बिघडलं आहे’. “हे प्रामाणिक लिहिणं,” काका त्याला म्हणाले. “आमच्या विंडोजला हे जमलेलं नाही.” मुलगा सांगू लागला की ती चूक विंडोजच्या अपडेटची होती, लिनक्सची नव्हे. त्याचं बरोबर होतं. तेवढ्यात काकांचा मजला आला.

इतकं सगळं असून काकांशी माझं एका बाबतीत जमत नाही. ‘सुटल्या सुटल्या घ्यायचं नाही, चार दिवस थांबायचं, दुसऱ्यांचं काय होतं ते बघायचं’ हा त्यांचा सल्ला. चार दिवस ठीक आहेत. पण काकांच्या स्वतःच्या घरी विंडोज 7 आहे, त्याचा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला, आणि त्यांचे चार दिवस अजून चालू आहेत. मी त्यांना वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमचं उदाहरण दिलं. तो विंडोजच्या ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारं अपडेट 14 मार्च 2017 च्या मंगळवारी सुटलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही, त्यांच्यापैकी अनेकांची मशीनं 12 मे ला खंडणीखोरांनी कुलूपबंद केली, ब्रिटनमधली इस्पितळंसुद्धा. अपडेट घेऊन मशीन अडलं तर काका येतील. न घेता अडलं तर काकाही काही करू शकणार नाहीत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “माझं नेटला जोडलेलंच नाही,” ते म्हणाले. मग बँकेचे व्यवहार कशावर करता, असं विचारल्यावर आतून काकूंचा आवाज आला, “माझ्या मोबाइलवर!” काका विषय बदलून 19 जुलैवर गेले.

तुमच्या इमारतीतही असे एक काका असणारच. त्यांच्यासाठी एक करा. ती अठ्ठेचाळीस आकडी किल्ली तुमच्या खात्यातून शोधा आणि आजच कागदावर उतरवून ठेवा. त्याच कॉम्प्युटरमधल्या फाइलमध्ये ठेवू नका. तसं करणारे लोक आहेत म्हणून सांगतो. कागद कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर राहू द्या. आणि काका आले की तो लगेच हातात देऊ नका. चहा होईपर्यंत वाचून दाखवा, मध्ये एखादा आकडा मुद्दाम उलटा सांगा, आणि त्यांना अकरानं भागू द्या.